झिको आणि तीन गोलकीपर

संपादक मंडळातली मुलं लेख मागायला आली तेव्हा त्यांना वाटलं होतं, सर नेहमीप्रमाणे 'बॉयलरची सुरक्षितता' नाहीतर 'कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी' असं काहीतरी लिहून देतील. गेली काही वर्षं मी तेच देत आलोय आणि ते कोणी वाचत नाही हेही मला माहीत आहे. (वाचलं असतं, तर गेल्या अंकात माझ्या लेखातला एक परिच्छेद दोनदा छापला गेलाय हे कोणीतरी सांगितलं असतं.) या वेळी फुटबॉलवर लिहितोय. विषय अभ्यासाचाच आहे, फक्त सिलॅबसमधला नाही.

मी फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतो आणि हॉस्टेलच्या फुटबॉल टीमचा कोच आहे. दुसऱ्या पदासाठी कुठलीही पात्रता लागली नाही. लहानपणी भुसावळच्या रेल्वे ग्राउंडवर खेळायचो, कॉलेजात लेफ्ट विंगला होतो, एवढ्या भांडवलावर जिमखान्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. 'जो चांगला खेळला तो चांगला शिकवेल' हे आपल्याकडे सगळे धरूनच चालतात. ते कितपत खरं आहे, हा या लेखाचा विषय. त्यासाठी मी उदाहरण घेतलंय झिकोचं. तो जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, पुढे कोच झाला, आणि कोच म्हणून फिरत फिरत चक्क आपल्या शेजारी, गोव्यात येऊन तीन हंगाम राहिला. मेसमध्ये मेसी-रोनाल्डोवरून ताटं आपटणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

झिको मला पहिल्यांदा दिसला तो १९८६ साली, रेल्वे क्वार्टर्समधल्या एका ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर. घर शेजारच्या काकांचं. ते लोकोशेडला होते आणि रात्रपाळी नसली की वर्ल्ड कप बघायला अख्ख्या चाळीला दार उघडं असे. २१ जूनची मध्यरात्र, जूनचा तो आपल्याकडचा उकाडा, आणि मेक्सिकोतल्या ग्वादालाहारामध्ये ब्राझील विरुद्ध फ्रान्स, क्वार्टर फायनल. एक-एक बरोबरी. शेवटची वीसेक मिनिटं उरली असताना झिको मैदानात आला. आल्या आल्या त्याने असा पास टाकला की ब्रँको थेट गोलकीपरसमोर जाऊन उभा. गोलकीपर बॅट्सने त्याला पाडलं. पेनल्टी!

किक घ्यायला झिको. बॅट्सने अडवली.

काका उठले आणि काही न बोलता बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पुढचं त्यांनी पाहिलंच नाही. एक्स्ट्रा टाइम झाला, मग पेनल्टी शूटआउट. आणि त्यात झिको पुन्हा बॉल घेऊन गेला आणि या वेळी गोल मारला. तरी ब्राझील हरलं. सॉक्रेटिस आणि ज्युलिओ सीझर यांच्या किक्स हुकल्या (फ्रान्सकडून प्लॅटिनीचीसुद्धा). पण लोकांच्या लक्षात राहिली ती झिकोची पहिली पेनल्टी. त्याची दुसरी पेनल्टी आठवणारा माणूस मला आजवर फारसा भेटलेला नाही. काकांना मी सकाळी सांगितलं, "त्याने दुसरी मारली." ते म्हणाले, "त्याले काय अर्थ हाय आता?"

आता थोडं मागे जाऊ. आर्थर आंतुनेस कोइम्ब्रा उर्फ झिको जन्मला ३ मार्च १९५३ रोजी, रिओ द जानेरोच्या क्विंतिनो नावाच्या उपनगरात. वडील पोर्तुगालहून आलेले. सहा भावंडांत हा धाकटा, आणि घरात थोरले भाऊ आधीच फुटबॉल खेळणारे. अंगाने इतका किरकोळ की फ्लेमेंगो क्लबने त्याला घेतल्यावर आधी व्यायाम आणि खुराक यांवरच काही वर्षं घालवली. म्हणजे ज्याला आपण 'देवाची देणगी' म्हणतो त्यात एका क्लबची चिकाटी मिसळलेली होती. ही गोष्ट पुढे लागणार आहे. पुढे तो फ्लेमेंगोचा सर्वकालीन सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला, पाचशेच्या वर. १९८१ मध्ये क्लबने दक्षिण अमेरिकेचा लिबर्तादोरेस कप जिंकला आणि डिसेंबरात टोकियोत लिव्हरपूलला ३-० हरवलं. ब्राझीलकडून ७१ सामन्यांत ४८ गोल. १९८२ च्या वर्ल्ड कपमधली ती सॉक्रेटिस, फाल्काव, सेरेझो, झिको यांची टीम इटलीकडून ३-२ हरली. तरी जाणकार अजून त्या टीमचं नाव घेतात. मग इटलीत उदिनेसेकडे गेला आणि पहिल्याच हंगामात १९ गोल केले, प्लॅटिनीपेक्षा फक्त एक कमी. १९८५ ला परत ब्राझीलमध्ये आला आणि एका घातक टॅकलमध्ये गुडघा फुटला. ८६ ला तो अर्ध्या गुडघ्यावर खेळत होता, हे काकांना कोणी सांगितलं नव्हतं.

फ्री किक हा त्याचा खास प्रांत. सरावाच्या वेळी गोलच्या वरच्या कोपऱ्यात शर्ट लटकवून त्यावर नेम धरायचा असं सांगतात. आता इथे माझ्यातला मास्तर जागा होतो, दोन मिनिटं सहन करा. भिंत उभी असते ९.१५ मीटरवर. तिच्या डोक्यावरून बॉल गेला पाहिजे आणि २.४४ मीटर उंचीच्या बारखाली पडलाही पाहिजे. नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर जोरात मारलेला बॉल एवढ्या लवकर खाली येत नाही. म्हणून त्याला फिरकी द्यायची. फिरणारा बॉल स्वतःभोवतीची हवा ओढतो, त्यामुळे मागे सुटणारा हवेचा प्रवाह एका बाजूला वळतो, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने बॉल दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. हाच तुमचा मॅग्नस इफेक्ट, जो ओरलला विचारला की तुम्ही पंख्याकडे बघता. झिको बाजूची आणि वरून खाली येणारी अशी दोन्ही फिरकी एकाच किकमध्ये द्यायचा. हे मी फळ्यावर समजावू शकतो. पायाने करून दाखवू शकत नाही. त्याचं बरोबर उलटं असावं. कोच म्हणून त्याच्यावर जी टीका झाली तिचं मूळ मला इथे दिसतं. ज्याला एखादी गोष्ट आपसूक जमते, त्याला ती न जमणाऱ्याची अडचण कळायला फार वेळ लागतो.

खेळणं थांबवून झिको ब्राझीलच्या सरकारात क्रीडा खातं सांभाळायला गेला होता. तिथून १९९१ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो एकदम जपानला गेला. तोही कुठे? काशिमाला. हे गाव टोकियो नव्हे. पन्नास हजाराच्या आतली वस्ती, समुद्रकाठ, आणि सुमितोमो मेटल कंपनीचा पोलादाचा कारखाना. कंपनीची टीम दुसऱ्या श्रेणीत खेळायची. आपल्याकडे रेल्वेच्या, पोलिसांच्या टीम असतात ना, तशी. जपानची व्यावसायिक लीग तेव्हा सुरू होणार होती आणि काशिमाला त्यात जागा मिळणं जवळपास अशक्य मानलं जात होतं. अट होती, छप्पर असलेलं १५ हजार प्रेक्षकांचं स्टेडियम बांधा. त्यांनी ते बांधलं. आणि १६ मे १९९३ ला लीगमधल्या आपल्या पहिल्याच सामन्यात काशिमा अँटलर्सने नागोयाला ५-० हरवलं. त्यात चाळिशीच्या झिकोची हॅट्ट्रिक!

नावापुरता खेळाडू असला तरी तिथे तो मास्तरही होता. काम, निष्ठा आणि आदर ही त्याची शिकवण. जपानी भाषेत ती अजून त्या क्लबची ओळख म्हणून सांगितली जाते. पण देव्हाऱ्यात बसवण्याआधी हेही ऐका. जानेवारी १९९४ मध्ये लीगच्या अंतिम लढतीत काशिमाविरुद्ध पेनल्टी दिली गेली. आदराचे धडे देणारा हा माणूस रागारागाने पुढे गेला आणि पेनल्टी स्पॉटवर ठेवलेल्या बॉलवर थुंकला. बाहेर काढलं त्याला. मला का कोण जाणे, हा प्रसंग वाचल्यापासून झिको जास्त आवडायला लागला.

१९९४ ला त्याने बूट उतरवले, पण क्लब सोडला नाही. टेक्निकल डायरेक्टर म्हणून राहिला. १९९६ ला काशिमाने पहिली लीग जिंकली. २००० साली जपानमधली तिन्ही मोठी विजेतेपदं एकाच वर्षात घेतली; त्या वेळी कोच होता सेरेझो, तोच ८२ च्या टीममधला. आज जपानमध्ये सर्वाधिक लीग विजेतेपदं याच क्लबकडे आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये क्लब वर्ल्ड कपच्या फायनलला या कारखान्याच्या गावाने रियल माद्रिदला एक्स्ट्रा टाइमपर्यंत झुंजवलं. ४-२ हरले, पण रियल माद्रिदचा घाम काढून. तोवर झिकोला तिथे पाऊल ठेवून पंचवीस वर्षं झाली होती.

आता त्याची कोच म्हणून कारकीर्द बघा. २००२ ते २००६ जपानचा राष्ट्रीय संघ. २००४ ला आशिया कप जिंकला, फायनलमध्ये चीनला चीनमध्ये हरवून. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये मात्र ऑस्ट्रेलियाविरुद्ध १-० ने पुढे असताना शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल खाल्ले, आणि गटातच घरी. आधीचा कोच त्रूसिए शिस्तीचा, आणि झिको म्हणायचा खेळाडूंनी स्वतः विचार करावा. टीकाकारांचं म्हणणं, याच्याकडे डावपेचच नाहीत. पुढे तुर्कस्तानात फेनरबाहचे, मग उझबेकिस्तान, मॉस्को, ग्रीस, इराक, कतार. ही यादी मी भरभर सांगतोय कारण ती तशीच घडली. कुठे काही महिने, कुठे वर्षभर. बन्योदकोरला लीग आणि कप, सीएसकेएला रशियन कप, असे चषक मिळाले, पण मुळं कुठेच धरली नाहीत. बायोडाटा पाहून कॅम्पसला आलेला एचआरवाला विचारील, 'एवढ्या नोकऱ्या का बदलल्या?'

यातली फेनरबाहचेची दोन वर्षं मात्र थांबून बघण्यासारखी आहेत. २००७ हे क्लबचं शताब्दी वर्ष आणि त्याच वर्षी लीग जिंकली. पुढच्या हंगामात चॅम्पियन्स लीग. ४ मार्च २००८, स्पेनमध्ये सेव्हियाविरुद्ध दुसरा लेग. घरचा सामना ३-२ जिंकलेला. फेनरबाहचेचा गोलकीपर वोल्कान डेमिरेल. पाचव्या मिनिटाला लांबून आलेल्या फ्री किकवर गोल, नवव्या मिनिटाला पुन्हा लांबून गोल, आणि दोन्हीत चूक वोल्कानची. दहा मिनिटांत सगळी कमाई गेली. तुम्ही कोच असता तर काय केलं असतं? मी काय केलं असतं ते पुढे सांगतोच. झिकोने त्याला काढलं नाही. सामना ३-२ असा सेव्हियाने जिंकला, एकूण हिशोब बरोबरीत आला, आणि शूटआउटमध्ये याच वोल्कानने तीन पेनल्टी अडवल्या. फेनरबाहचे क्वार्टर फायनलला पोचलं, तिथेही चेल्सीला घरच्या मैदानावर २-१ हरवलं, आणि लंडनला जाऊन बाद झालं.

आता माझी गोष्ट. फेब्रुवारी २०१५, धुळ्यात आंतरमहाविद्यालयीन सामना. आमचा गोलकीपर सेकंड इयरचा, साक्री तालुक्यातला मुलगा. हात मोठे, बोलणं कमी. शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत एकही गोल खाल्ला नव्हता त्याने. मग एक साधा, सरळ, हळू येणारा बॉल. पोराच्या हातातून सुटून पायांमधून आत. हरलो एक गोलने. सामना संपल्यावर सगळ्या टीमसमोर, समोरच्या कॉलेजची मुलं ऐकत असताना, मी त्याला नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "सर, मन्हा हातमाईन सटकना." त्याची अहिराणी ऐकून कोणीतरी हसलं. मी हसणाऱ्याला काही बोललो नाही.

परतीच्या वाटेवर पारोळ्याला शेवभाजी खायला गाडी थांबवली. तो खाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी ग्लोव्हज जिमखान्याच्या कपाटात, धुऊन, घडी करून ठेवलेले. अंतिम वर्षापर्यंत तो पुन्हा मैदानावर आला नाही. माझ्या फ्लुइडच्या लेक्चरला मात्र तो नेमाने येऊन तिसऱ्या बाकावर बसायचा, आणि मी त्याला दोन वर्षं बर्नुलीचं समीकरण शिकवत राहिलो.

त्याच वर्षी डिसेंबरात मी गोव्याला गेलो. झिको तेव्हा एफसी गोवाचा कोच होता. इंडियन सुपर लीग २०१४ ला सुरू झाली, आणि पहिल्या हंगामात अडखळत सुरुवात करून गोवा दुसऱ्या क्रमांकावर आला. सेमीफायनलचे दोन्ही लेग शून्य-शून्य, कोलकात्याकडून पेनल्टीवर पराभव. २०१५ ला टीम भलतीच रंगात होती. नोव्हेंबरात मुंबईला ७-० हरवलं, डुडू आणि हाओकिप दोघांच्या हॅट्ट्रिक. लीगमध्ये पहिले, आणि फायनल घरच्याच फातोर्डा स्टेडियमवर. मडगावला नोकरीला असलेल्या माझ्या जुन्या रूम पार्टनरने तिकीट काढून ठेवलं. भुसावळहून गोवा एक्सप्रेस, सोबत घरून दिलेल्या पोळ्या आणि वांग्याचं भरीत. (भरीत दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं, एवढंच डब्याबद्दल सांगतो.)

२० डिसेंबर २०१५. समोर चेन्नईयिन. मी इतक्या लांब बसलो होतो की झिको म्हणजे टचलाइनजवळचा एक ठिपका. तरी ८६ साली टीव्हीवर दिसला होता त्यापेक्षा मोठाच! गोव्याचा गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनी, गोव्यातलाच मुलगा. त्या संध्याकाळी त्याने पेनल्टीसुद्धा अडवली. एक-एक बरोबरी असताना ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोवा २-१. स्टेडियम नुसतं उकळत होतं. माझ्या बाजूचे एक म्हातारे गृहस्थ कोकणीत देवाचं नाव घेत होते. नव्वदाव्या मिनिटाला गोलसमोर गर्दी, बॉल कट्टीमनीला लागून आत. स्वयंगोल. त्यातून कोणी सावरायच्या आत मेंडोझाने तिसरा मारला. ३-२. संपलं.

त्या गोंगाटात मला धुळ्याचं मैदान आठवलं. अगदी स्पष्ट. कट्टीमनी जमिनीकडे बघत उभा होता तसाच आमचा मुलगा उभा होता. मी त्या दहा महिन्यांत त्याच्याशी याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

झिको पुढच्या हंगामाला परत आला आणि कट्टीमनीही टीममध्ये होता. २०१६ चा हंगाम वाईट गेला, गोवा आठ टीमांत आठवा. शेवटच्या सामन्यात त्याच चेन्नईयिनला ५-४ हरवलं, पण त्याने क्रमांक बदलला नाही. नवीन वर्षात झिको क्लबपासून वेगळा झाला.

मग गोव्यात तो यशस्वी की अयशस्वी? मेसमध्ये मी हा प्रश्न टाकला तेव्हा 'एकही कप नाही, म्हणजे फेल' असा निकाल लागला. मला तो मान्य नाही. त्या काळात ही लीग वर्षातून अडीच महिने चालायची. ऑक्टोबरला टीम गोळा करायची, डिसेंबरला पांगायची. काशिमाला त्याला वर्षानुवर्षं मिळाली, मैदानापासून सगळं उभं करता आलं. गोव्यात तीन वर्षं मिळून जेमतेम आठ महिने. फ्लेमेंगोने त्याच्या किरकोळ शरीरावर घालवलेली वर्षं आठवा. तेवढ्या वेळात तर तो स्वतःसुद्धा झिको झाला नसता! डावपेचांत तो थोर नव्हता, हे मी मान्य करतो. ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती शेवटची मिनिटं आणि फातोर्डाची शेवटची मिनिटं सारखीच आहेत, आणि तो योगायोग नसावा. आघाडी राखायची कशी, हे ज्याला कायम आक्रमणच सुचलं त्याने शिकवायचं तरी कसं? पण चुकलेल्या माणसाला पुन्हा उभं करणं त्याला जमत होतं. आपली हुकलेली किक सगळ्या जगाने पाहिलेली असल्यामुळे असेल.

तो २०१८ ला पुन्हा काशिमाला टेक्निकल डायरेक्टर म्हणून गेला, आणि त्याच वर्षी क्लबने आशियाची चॅम्पियन्स लीग पहिल्यांदा जिंकली.

कट्टीमनी २०१९ ला हैदराबादकडे गेला. २० मार्च २०२२, पुन्हा फायनल, पुन्हा फातोर्डा, समोर केरळा ब्लास्टर्स. आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये टीव्हीसमोर आम्ही सात-आठ जण होतो, बाकीच्यांची सबमिशनं चालू होती. एक-एक बरोबरी, शूटआउट. कट्टीमनीने तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबाद चॅम्पियन.

रात्री उशीर झाला होता तरी मी फोन लावला. साक्रीचा तो मुलगा आता चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. नंबर टीपीओ ऑफिसच्या यादीत होता. इतक्या वर्षांनी माझा आवाज ओळखून म्हणाला, "बोला सर, मी पण बघतच होतो." मग आम्ही बराच वेळ त्या तीन पेनल्टींवर बोललो. कट्टीमनी आधी हलला का नंतर, गुडघे किती वाकवले, नजर बॉलवर होती का मारणाऱ्याच्या कमरेवर. त्याला सगळं नीट कळत होतं, माझ्यापेक्षा जास्त. शेवटी मी धुळ्याच्या सामन्याबद्दल माफी मागितली. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "सर, त्या दिवशी मैदान ओलं होतं." फेब्रुवारीत धुळ्यात मैदान ओलं नसतं. आम्हा दोघांनाही ते माहीत आहे.

ते ग्लोव्हज अजून जिमखान्याच्या कपाटात आहेत, उजव्याचं अंगठ्याजवळचं रबर थोडं गेलंय. या वर्षी आपल्याला गोलकीपर नाही. ज्याला उभं राहायचं असेल त्याने संध्याकाळी साडेपाचला मैदानावर यावं. गोल खाल्लेले चालतील.